भुताचं पुस्तक कुठल्या कपाटात? (शाळेचं ग्रंथालय आणि नवी वेब-साधनं: मदत हवी आहे)

कपाटकिल्ली | २८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा, हे या पेशातल्यांना सांगायला नकोच. वय एक्कावन्न. दाखल नोंदवहीच्या तीन वह्या, ६,४१२ नोंदी. पहिली वही १९६३ सालची, तिची पानं पापडासारखी मोडतात. कपाटं अकरा. त्यातल्या दोनांची दारं मिरगात फुगतात ती दिवाळीपर्यंत उघडत नाहीत. संगणक एक, तोही कार्यालयाचा. लिपिक जेवायला गेले की तेवढा वेळ माझा.

गेल्या आठवड्यात सहावीतला एक मुलगा आला. "बाई, भुताचा पुस्तक आसा काय?"

आहे हे मला पक्कं ठाऊक. निदान सात-आठ तरी असतील. पण कुठे? नोंदवही दाखल क्रमांकाने चालते. पुस्तक ज्या दिवशी शाळेत आलं तो त्याचा जन्म. भूत १९७१ साली आलं असेल तर एकाहत्तरच्या पानावर, त्याच्या मागे भूमितीचं गाइड आणि पुढे गाईम्हशींचे आजार. तीन कपाटं उपसून एक सापडलं. पोराने रात्रीत वाचून संपवलं आणि दुसऱ्या दिवशी परत हजर: "अजून एक द्या." तेव्हा मात्र मला लाज वाटली.

उन्हाळ्यात एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं होतं. दोन तासांत एकवीस साधनांची नावं ऐकली. पॅडलेट, कॅनव्हा, कहूट, क्यूआर कोड, कोहा आणि काय काय. लिहून घेतली तर वाण्याची यादी तयार झाली. एकही उघडून बघायला वेळ दिला नाही. प्रमाणपत्र मात्र त्याच संध्याकाळी ईमेलने आलं.

तर कुठून सुरुवात करू? पैसे शून्य आहेत. टायपिंग एका बोटाने. फोन माझा स्वतःचा, भाच्याने दिलेला, बऱ्यापैकी आहे.

गावठी कोंबडा | २८ जून, रात्री १०:०२

अमावास्येपर्यंत थांबा, भुताचं पुस्तक आपोआप कपाटाबाहेर येईल.
(मस्त धागा. वाचतोय.)

सर्व्हरवाला | २८ जून, रात्री ११:१५

ताई, डोळे झाकून कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी बनवलं, जानेवारी २००० मध्ये चालू झालं आणि आज जगभरातली ग्रंथालयं ते वापरतात. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. देवघेव, दंड, तालिका (म्हणजे पुस्तकांची शोधसूची), बारकोड, सगळं एकात. एक जुना पीसी घ्या, त्यावर डेबियन (फुकट लिनक्स प्रणाली) टाका, डेटाबेस बसवा, झालं. एका शनिवार-रविवारचं काम आहे.

खडूफळा | २९ जून, सकाळी ६:५०

सर्व्हरवाला, तो शनिवार-रविवार तुमचा. ताईंचा नाही.

आमच्या शाळेत (सोलापूर जिल्हा) एका माजी विद्यार्थ्याने हौसेने कोहा बसवून दिलं होतं. आठ महिने झकास चाललं. मग त्याला बंगळुरूला नोकरी लागली. पुढच्या पावसाळ्यात यूपीएस गेला, त्यामागून यंत्र गेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. आता त्या यंत्रावर हार्मोनियमची पेटी ठेवतात. कोहा वाईट नाही हो, उत्तमच आहे. पण त्याला पोसणारं माणूस लागतं.

कपाटकिल्ली ताई, तुमचा प्रश्न काय आहे? "भुताचं पुस्तक कुठे आहे?" एवढाच ना? मग गूगल शीट पुरे. फोनवर चालतं, फुकट आहे, आणि उद्या तुम्ही निवृत्त झालात तर मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते. स्तंभ सातच ठेवा: दाखल क्रमांक, नाव, लेखक, वर्गांक, कपाट आणि खण, स्थिती, शोधशब्द. किंमत, प्रकाशक, बिल क्रमांक यांच्या वाटेला जाऊ नका. ते नोंदवहीत आहे, तिथेच राहू दे. तपासणीला येणारे वहीच मागतात.

माझ्या चुकांतून शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो. नोंदवहीवरून उतरवून घेऊ नका. कपाटासमोर उभं राहून, पुस्तक हातात घेऊन नोंद करा. वहीत आहे आणि कपाटात नाही अशी पुस्तकं खूप निघतात, म्हणजे पडताळणीही आपसूक होते. आणि ६,४१२ चा आकडा विसरा. पोरं ज्यातली पुस्तकं नेतात ते एकच कपाट आधी करा.

टायपिंगचं म्हणाल तर जीबोर्डमध्ये (गूगलचा फोनवरचा कळफलक) मराठी निवडून माइक दाबा आणि बोला. एका बोटाचीही गरज नाही.

सर्व्हरवाला | २९ जून, सकाळी ९:३०

हार्मोनियमवाला मुद्दा मान्य. पण शीट म्हणजे तालिका नव्हे, एवढं नोंदवून ठेवतो.

जुना तालिकाकार | २९ जून, दुपारी ४:२०

मी महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. कोल्हापूरकडचा. माझ्या काळात तालिकापत्रांचे लाकडी खण होते आणि प्रत्येक पत्र हाताने लिहिलेले असे, त्यामुळे माझे मत जुनाट वाटल्यास वाटो.

बाईंनी यंत्राच्या नादी लागण्याआधी वर्गीकरण करावे. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात प्रत्येक विषयाला एक अंक असतो, मराठी साहित्याला ८९१.४६. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पुस्तके या क्रमाने कपाटात लागली की निम्मे शोधणे आपोआप संपते. अव्यवस्थित कपाटाची यादी संगणकात केली तर संगणकही अव्यवस्थितच होणार.

कपाटकिल्ली | २९ जून, रात्री ८:५५

तालिकाकार सर, नमस्कार. बी.लिब.ला हे सगळं शिकलेय आणि चार कपाटं ड्यूईने लावलेलीही आहेत. पण घोटाळा तिथेच आहे. ८९१.४६३ मध्ये माझी अकराशे पुस्तकं आहेत. भूत ८९१.४६३, चोर-पोलीस ८९१.४६३, सासू-सूनही ८९१.४६३. ड्यूई साहेबांनी १८७६ साली भुताला वेगळा नंबर द्यायला हवा होता.

खडूफळा सर, तुमचं पटलं. कपाट क्रमांक चार, बालसाहित्य आणि कथा. शनिवारपासून सुरू करते.

गावठी कोंबडा | २९ जून, रात्री ९:०१

सासू-सून आणि भूत एकाच नंबरात? ड्यूई साहेब अनुभवी माणूस.

कपाटकिल्ली | २० जुलै, रात्री १०:१०

उशीर झाला, आठवडाभर रेंज नव्हती. इकडे पावसाने नुसता धुमाकूळ घातलाय.

तर कपाट चार पूर्ण: ३८७ पुस्तकं. शनिवारची शाळा सकाळची असते, सुटल्यावर आठवीतल्या चौघी आणि सहावीतला तो भूतवाला, असे पाच जण थांबतात. एक पुस्तक काढते, एक फडक्याने पुसते (कसरीने तीन पुस्तकं पार चाळण केलीत), एक नाव मोठ्याने वाचते आणि एक माझ्या फोनच्या माइकमध्ये बोलते. भूतवाला खण मोजतो. माइकला आमचं हेल काढून बोलणं समजत नाही. "खण तीन" म्हटलं की "खान तीन" उमटतं. कपाट चारमध्ये सध्या सतरा खान आहेत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सातवा स्तंभ, शोधशब्द. मी आपली लिहिणार होते "गूढकथा", "विनोदी", "साहस". आठवीतली एक म्हणाली, "बाई, गूढकथा असं कोण मागतं?" खरंच की. गेल्या कित्येक वर्षांत "गूढकथा द्या" म्हणत एकही पोर माझ्याकडे आलेलं नाही. मग त्यांनाच विचारलं, काय लिहू? त्यांनी सांगितलेले शब्द असे: भूत, हडळ, मुंजा, चकवा, देवचार, गिऱ्हा (आमच्याकडे पाण्यातलं भूत), विहीर, रडू येतं, पातळ, चित्रवालं, कुत्रा, बाबा मुंबईला असतात.

हा शेवटचा शब्द त्या मुलीने तीन पुस्तकांना लावला. मी काही विचारलं नाही, तसाच ठेवला.

"पातळ" या शब्दावर मी आधी हसले होते. पण जे मूल अडखळत वाचतं ते पातळ पुस्तकच शोधत येतं, आणि लाजेने तसं म्हणत नाही. आता शीटमध्ये "पातळ" टाकलं की ६४ पुस्तकं मिळतात.

जुना तालिकाकार | २१ जुलै, सकाळी ११:०५

बाई, तुमची कळकळ दिसते. तरीही स्पष्ट लिहितो. ही शिस्त नव्हे. विषयशीर्षके नियंत्रित असावी लागतात. एकाने "भूत", दुसऱ्याने "भुताटकी", तिसऱ्याने "भुतं" लिहिले की एकाच विषयाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. शंभर वर्षे ग्रंथपालांनी याच्याशीच झगडा केला आहे. "रडू येतं" हा विषय नव्हे, वाचकाची अवस्था आहे.

खडूफळा | २१ जुलै, दुपारी १:४०

सर, शाळेत वाचकाची अवस्था हाच विषय असतो.

परदेशी पाखरू | २१ जुलै, दुपारी ३:१२

वेगळ्या वेळेच्या पट्ट्यातून लिहितेय, इथे पहाट आहे. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. मूळची चिपळूणची, त्यामुळे फुगलेली दारं चांगलीच ठाऊक.

ताईंच्या त्या दोन तास-एकवीस साधनं प्रशिक्षणावरून आठवलं. आमच्याच राज्यात, शार्लट आणि मेक्लेनबर्ग काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयात हेलन ब्लोअर्स यांनी २००६ साली कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम काढला होता. नाव लर्निंग टू पॉइंट ओ, पण सगळे त्याला तेवीस गोष्टी म्हणूनच ओळखतात. ब्लॉग सुरू करा, फ्लिकरवर फोटो टाका, आरएसएस फीड वाचा, विकीत भर घाला, डिलिशसवर दुवे साठवा, लायब्ररीथिंगवर स्वतःची पुस्तकं नोंदवा, अशा छोट्या छोट्या तेवीस गोष्टी. वर्ग नाही, व्याख्यान नाही. प्रत्येकाने आपापल्या गतीने, कामाच्या वेळातच करायच्या आणि काय झालं ते आपल्या ब्लॉगवर लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एक एमपीथ्री प्लेअर. तो आराखडा त्यांनी मुक्त परवान्याने सगळ्यांसाठी खुला केला आणि जगभरच्या वाचनालयांनी उचलला, शालेय ग्रंथपालांनीही.

मी इथे बऱ्याच उशिरा नोकरीला लागले, पण तो उपक्रम केलेली माणसं भेटली. गंमत म्हणजे त्या तेवीसातली कितीतरी साधनं आज राहिलेलीच नाहीत. फीड वाचायचं गूगल रीडर २०१३ च्या जुलैत बंद झालं. डिलिशसही गेलं. तरी ती माणसं नवं काही आलं की घाबरत नाहीत. आधी बोट लावून बघतात. तुमच्या प्रशिक्षकाने एकवीस नावं सांगण्याऐवजी एकच साधन हातात देऊन तासभर खेळू दिलं असतं तर हा धागा कदाचित निघालाच नसता.

आणि तालिकाकार काका, डिलिशस आणि लायब्ररीथिंग यांच्यावर लोक आपल्या मनाने शब्द लावायचे तेव्हा इकडच्या ग्रंथपालांनीही हुबेहूब तुमच्यासारखंच म्हटलं होतं. शेवटी बहुतेकांनी दोन्ही ठेवलं: ग्रंथपालाची शीर्षकं एका रकान्यात, लोकांचे शब्द दुसऱ्यात.

जुना तालिकाकार | २१ जुलै, संध्याकाळी ६:३०

दोन रकाने असतील तर माझा आक्षेप पातळ होतो.

गावठी कोंबडा | २१ जुलै, संध्याकाळी ६:३३

शोधशब्द: पातळ. निकाल: ६५.

कपाटकिल्ली | २ ऑगस्ट, रात्री ११:५०

मंडळी, घात झालाय. कुणी जागं आहे का?

शीटचा दुवा आज दुपारी आठवीच्या पालक-गटावर टाकला, म्हणजे घरी बसून पुस्तक निवडता येईल. आत्ता उघडून बघते तर सगळा गोंधळ. नावं अकारविल्हे लागलीत पण दाखल क्रमांक आहेत तिथेच. म्हणजे १२०४ हा भलत्याच पुस्तकाचा क्रमांक झालाय. ५६० पुस्तकं होती. पाच शनिवार. रडायला येतंय.

टंकमित्र | ३ ऑगस्ट, रात्री १२:०४

घाबरू नका. कुणीतरी फक्त नावाचा स्तंभ निवडून क्रम लावलाय, बाकीचे स्तंभ जागेवरच राहिलेत. डेटा गेलेला नाही.

आता काही दुरुस्त करायला जाऊ नका. उद्या संगणकावर शीट उघडा, फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे. दुपारच्या आधीची वेळ निवडा आणि रिस्टोअर दाबा. फोनवरच्या ॲपमध्ये ते शोधत बसू नका.

आणि आत्ताच्या आत्ता, झोपण्याआधी, शेअरमध्ये जाऊन "दुवा असलेल्या कुणालाही" यापुढे एडिटर असेल तिथे व्ह्यूअर करा.

कपाटकिल्ली | ३ ऑगस्ट, दुपारी २:१५

आलं! सगळं परत आलं! लिपिक जेवायला न जाता माझ्या शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं मी जादू केली. टंकमित्र, तुमच्या तोंडात साखर पडो.

दुवा व्ह्यूअर केला. क्रम कुणी लावला ते विचारलं नाही. अंदाज आहे, आणि त्याने मदत म्हणूनच केलं असणार.

काळा कोट | ३ ऑगस्ट, दुपारी ४:००

शीटमध्ये पुस्तक कुणाकडे आहे तो रकानाही आहे का? मुलांच्या नावांसकट? असेल तर तो त्या फाइलमधून आजच काढा. अठरा वर्षांखालच्यांची माहिती हाताळताना पालकांची संमती लागते, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तसं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कुणाची मुलगी कुठलं पुस्तक वाचते हे गावभर कशाला? तालिका सगळ्यांना दिसू द्या, देवघेव वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तुमच्यापुरती.

कपाटकिल्ली | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

होता. "स्थिती" या स्तंभात मी नावं लिहीत होते. काढली. आता तिथे फक्त "आहे", "बाहेर", "दुरुस्तीला". ही तिन्ही ड्रॉपडाउनमध्ये घातली, स्वतः, कुणाला न विचारता. देवघेव वहीतच, पूर्वीसारखी.

फुकटवाचक | ४ ऑगस्ट, सकाळी १०:१०

एवढा खटाटोप कशाला? सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. एक टेलिग्राम गट आहे, दुवा देऊ का? मुलांना वाटून टाका, कपाटांची कटकटच नको.

काळा कोट | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४५

देऊ नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०१० संपताना खुलं झालं, ते खुशाल वाटा. हयात लेखकाची चोरलेली प्रत शाळेच्या ग्रंथपालाने वाटणं हे शोभत नाही आणि अंगाशीही येतं.

खडूफळा | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

रीतसर फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. २०१५ पासून आहे. मराठीत चित्रकथा भरपूर, मुक्त परवाना असल्याने उतरवून छापून वाटल्या तरी चालतं. भाषांतरही करता येतं. माझ्या पोरांनी एक गोष्ट आमच्या सोलापुरी बोलीत केली, त्यात वाघ "काय बे" म्हणतो. मोठ्या मुलांना माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोश जालावर आहे आणि बालभारतीची पुस्तकंही.

आणि ताई, कपाटाच्या दारावर क्यूआर कोड चिकटवा. शीटचा दुवा त्यात घालायचा, पाच मिनिटांचं काम.

कपाटकिल्ली | ९ ऑगस्ट, रात्री ९:३०

आता खराखुरा भुताटकीचा प्रकार. भूतवाला आज "गिऱ्हा" शोधत होता. लावलेली पुस्तकं पाच, हे त्याला तोंडपाठ. शीट तीनच दाखवतं. मी पुन्हा टाइप केलं, तीन. आठवीच्या मुलीने माइकमध्ये सांगितलं, तीन. कार्यालयातल्या संगणकावर लिपिकांनी टाइप केलं तर दोन! आणि ती दोन वेगळीच. पाचही ठिकाणी लिहिलेला शब्द अगदी एकसारखा दिसतो, भिंग लावून पाहिला. गिऱ्हा पाण्यात ओढतो हे ऐकलं होतं, शीटमधूनही गायब होतो?

टंकमित्र | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

अहाहा. या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. :)

युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, "ऱ" या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून: गिऱ्हा. दुसरा, साध्या "र"ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून: गिर्‍हा. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. तुमच्या फोनचा कळफलक पहिला प्रकार लिहितो, कार्यालयातला संगणक दुसरा. तीन अधिक दोन, पाच. हिशेब जुळला.

हेच "दुसऱ्या", "ताऱ्यांचे", "कोऱ्या" या सगळ्यांचं. "ॲ"चंही तसंच. ते एकच अक्षर म्हणून लिहिता येतं किंवा अ वर चंद्र ठेवून. "ॲटम" शोधाल आणि "अॅटम" निसटेल.

उपाय: एकच पद्धत ठरवा. मी पहिलीच सुचवेन. मग फाइंड ॲण्ड रिप्लेस उघडा, "शोधा"मध्ये कार्यालयातल्या संगणकावरचा "र्‍" चिकटवा, "बदला"मध्ये फोनवरचा "ऱ्", आणि सगळीकडे बदला. महिन्यातून एकदा करायचं.

अवांतर: अकारविल्हे लावाल तेव्हा "क्ष"ची पुस्तकं "क"च्या पोटात गेलेली दिसली तर दचकू नका. यंत्र क्षला क, हलन्त, ष असं मोडून वाचतं. आपल्या कोशांत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात हे त्याच्या गावी नसतं.

जुना तालिकाकार | ९ ऑगस्ट, रात्री १०:५५

पाहा, नियंत्रित शब्दावली हवी म्हणत होतो ती याचसाठी. एका गिऱ्ह्याचे दोन झाले.

टंकमित्र | ९ ऑगस्ट, रात्री ११:०३

काका, तुमच्या तालिकापत्रांवर एकाच लेखकाचं आडनाव दोन ऱ्हस्व-दीर्घांनी कधी निघालं नाही?

जुना तालिकाकार | १० ऑगस्ट, सकाळी ८:१५

निघाले. निवृत्तीच्या दिवशी सुद्धा एक निघाले.

जुना तालिकाकार | १२ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आज डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. बाईंना शुभेच्छा. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी पाच सूत्रे मांडली, त्यातले दुसरे "प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक" आणि तिसरे "प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक". मी ही सूत्रे चाळीस वर्षे भिंतीवर लावून ठेवली होती.

बाईंची शीट काल रात्री पूर्ण वाचली. दोन हजार रुपयांचे शब्दकोश घेऊनही "बाबा मुंबईला असतात" हे शीर्षक मला सुचले नसते. मात्र "भुतं" आणि "भूत" एक करा. चौदा नोंदींत घोळ आहे, यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे.

कपाटकिल्ली | १२ ऑगस्ट, रात्री ८:४०

सर, यादी मिळाली. मुलींना दाखवली. त्यांनी तुमचं नाव "भूतवाले आजोबा" ठेवलंय, रागावू नका. आता ठरलेले शब्द एका वेगळ्या पानावर लिहिलेत. नवा शब्द हवा असेल तर पाचही जणांनी हो म्हणायला लागतं. काल "गिऱ्हा" हा "भूत"मध्ये मोडतो की वेगळा, यावर अर्धा तास भांडण झालं. दोन्ही लावायचे ठरले.

परदेशी पाखरू | १२ ऑगस्ट, रात्री ९:१५

हे भांडण मला बघायला मिळायला हवं होतं.

कपाटकिल्ली | ३० ऑक्टोबर, रात्री ९:००

दिवाळीची सुट्टी, म्हणून सविस्तर लिहिते.

नऊ कपाटं झाली. फुगलेली दोन दारं परवा उघडली, त्यातल्या एकात वाळवीने खालचा खण जमीनदोस्त केलाय. बाकीची पुस्तकं ऊन दाखवून आत घेतेय. एकूण नोंदी ४,९८३. उरलेली दोन कपाटं जानेवारीपर्यंत होतील.

क्यूआर कोड चिकटवले, सगळ्या दारांवर. दिसतात छान. पण शाळेत मुलांना फोन आणायला बंदी आहे हे चिकटवून झाल्यावर लक्षात आलं! आणि रेंज फक्त खिडकीपाशी. पालकसभेच्या दिवशी दोन बापांनी कोड टिपला, त्यातल्या एकाने विचारलं, पैसे कुणाच्या खात्यावर जाणार?

मग मुलींनीच तोड काढली. शीटमध्ये "भूत" गाळून घ्यायचं, जे येईल ते छापायचं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. भूत, कुत्रा, पातळ, रडू येतं अशा आठ याद्या आहेत. महिन्याला नव्या छापतो. खरं सांगायचं तर शाळेत या कागदांचा वापर शीटपेक्षा जास्त होतो. सर्व्हरवाला हसतील, पण आमच्या जालाचा शेवटचा टप्पा खळीने चिकटवलेला आहे.

वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, कॅनव्हावर भित्तिपत्रक केलं. मी केलं, मुलींनी नाही. अक्षरं जरा तिरकी आलीत.

आता नवी पंचाईत. वहीत आहेत पण कपाटात नाहीत अशी पुस्तकं, झालेल्या कपाटांपुरती, १४३ निघाली. आजवर कुणाला ठाऊकच नव्हतं तोवर सगळं ठीक होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे तुम्ही कशाला शोधून काढलंत?" निर्लेखनाचा प्रस्ताव कसा करायचा? कुणी केलाय का? जडवस्तू नोंदवहीतून कमी करतात तसंच करायचं की वेगळी रीत आहे?

खडूफळा | ३० ऑक्टोबर, रात्री ९:४५

केलाय. आधी वाळवीच्या खणाचा पंचनामा करून घ्या, फोटो काढा, तारीख दिसेल असे. त्यातली पुस्तकं वेगळी दाखवा, हरवलेली वेगळी. दोन्ही एका यादीत घातलीत तर प्रस्ताव परत येतो. माझा नमुना उद्या व्यनि करतो.

गावठी कोंबडा | ३० ऑक्टोबर, रात्री ९:५२

१४३ मध्ये भुतं किती?

कपाटकिल्ली | ३० ऑक्टोबर, रात्री १०:०५

अकरा. त्यातलं एक १९८८ साली ज्यांच्या नावावर गेलंय ते आता आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. सुट्टी संपली की भूतवाल्यालाच त्यांच्याकडे पाठवणार आहे, मागायला.